मशीनवरून उतरून गाडीत बसताना

गोव्यातल्या डिचोली, सत्तरी, धारबांदोडा आणि सांगे या तालुक्यांत अशी घरे पुष्कळ आहेत, ज्यांतला एखादा माणूस दिवसभर डंपर, पोकलेन किंवा लोडर चालवतो आणि शिफ्ट सुटली की स्कूटरवर किंवा मोटारीत बसून घराकडे निघतो. मशीन कसे चालवावे हे त्याला खाणीवर किंवा साइटवर कोणीतरी शिकवलेले असते आणि गाडीसाठी तो आरटीओची परीक्षा देऊन आलेला असतो. मात्र एकावरून उतरून दुसरीत बसताना हातापायांच्या सवयी कशा बदलाव्यात, हे त्याला बहुधा कोणीच सांगितलेले नसते, कारण शिकवणारा मशीनचा असतो किंवा गाडीचा, मधल्या वाटेचा कोणी नसतो.

माझ्यापुरते बोलायचे तर ही गोष्ट मला चोडणच्या फेरीधक्क्यावर कळली. त्या दिवशी मी जेटीवर आठ तास व्हील लोडर, म्हणजे पुढच्या बादलीने माल भरणारे टायरवाले मशीन, चालवून उतरलो होतो आणि पणजीला काम असल्यामुळे मयेमार्गे चोडणला येऊन रायबंदरच्या फेरीबोटीच्या रांगेत उभा होतो. फेरी लागली, गाड्या उतारावरून पाण्याच्या दिशेने सरकू लागल्या आणि पुढची स्कूटर अचानक थांबली. मी ताबडतोब पाय दाबला, पण तो डावा पाय होता. लोडरमध्ये डावे पेडल दाबले की ब्रेक लागतो आणि त्याच वेळी ट्रान्समिशनही सुटते, म्हणजे इंजिनाचा जोर चाकांपर्यंत जात नाही, त्यामुळे दिवसभरात शेकडो वेळा त्याच पायाने मी मशीन थांबवले होते. मोटारीत डावे पेडल म्हणजे क्लच. तो दाबल्याबरोबर इंजिनाने धरून ठेवलेली गाडी उतारावर मोकळी झाली आणि थांबण्याऐवजी पुढे गेली. वेग माणसाच्या चालीइतकाही नव्हता, म्हणून स्कूटरचे मागचे मडगार्ड वाकण्यावर भागले. ब्रेक दाबला असूनही गाडी पुढे जात आहे, म्हणजे ब्रेक फेल झाला, असेच त्या क्षणी मला वाटले होते. त्यामुळे मी तेच पेडल आणखी जोराने दाबले, आणि या चुकीतला खरा धोका तोच आहे.

पायांचा हिशेब

सर्वांत आधी आपण चालवतो त्या मशीनची पेडले आणि आपल्या गाडीची पेडले एकमेकांशेजारी मनात मांडून पाहावीत. कोणते पेडल दोन्हीकडे एकच काम करते आणि कोणते उलटे काम करते, हे प्रत्येकाला स्वतःच शोधावे लागते, कारण उत्तर मशीनप्रमाणे बदलते.

डोझरचे, म्हणजे पुढच्या पात्याने माती ढकलणाऱ्या मशीनचे, उदाहरण सर्वांत बोलके आहे. अनेक डोझरमध्ये उजव्या पायाखाली ॲक्सिलरेटर नसून डिसिलरेटर असतो. इंजिन हाताने ठरवलेल्या वेगावर फिरत राहते आणि पेडल दाबले की ते मंद होते. म्हणजे डोझरवाल्याच्या उजव्या पायाला दिवसभर ‘दाबले की मंद’ हे वळण लागते आणि संध्याकाळी त्याच पायाला ‘दाबले की पळ’ हे पाळायचे असते. डोझरवरून उतरून लगेच ऑटोमॅटिक गाडीत बसणाऱ्याने हे रोज, अक्षरशः रोज, स्वतःला बजावले पाहिजे.

पोकलेनची गोष्ट वेगळी आहे. तिथे इंजिनाचा वेग डायलने ठरतो, काम जॉयस्टिकने होते, आणि चेन चालवण्याचे लिव्हर किंवा पेडल सोडले की मशीन जागेवर उभे राहते. हात काढला की सर्व थांबते, ही पोकलेनवाल्याच्या अंगात मुरलेली खात्री असते. मोटारीत ती खात्री खोटी ठरते, कारण पाय काढला तरी गाडी पळतच राहते. गोंधळ उडाला की पोकलेनवाला हातपाय मोकळे सोडतो, आणि मशीनवर तेच बरोबरही असते. रस्त्यावर मात्र गोंधळ उडाला की काहीतरी करावे लागते, म्हणजे ब्रेक दाबावा लागतो. ऑटोमॅटिक गाडी तर पाय काढल्यावरही आपोआप सरकते, हे अंगणात गाडी लावताना विशेष ध्यानात ठेवावे.

जेसीबी म्हणून सर्रास ओळखल्या जाणाऱ्या बॅकहो लोडरमध्ये डाव्या आणि उजव्या चाकांसाठी ब्रेकची दोन वेगळी पेडले असतात. साइटवर चिखलात कमी जागेत वळण्यासाठी एकच पेडल दाबता येते. रस्त्यावर येताना मात्र ही दोन्ही पेडले खिट्टीने एकत्र जोडलीच पाहिजेत, नाहीतर वेगात एकाच बाजूचा ब्रेक लागून मशीन आडवे फिरते. ही खिट्टी लावायला पाच सेकंद लागतात आणि ती न लावता महामार्गावर आलेले जेसीबी मी अनेकदा पाहिलेले आहेत.

डंपरवाल्यांचा प्रश्न पायाचा कमी आणि हाताचा अधिक आहे. मोठ्या डंपरमध्ये भरल्या मालाने उतरताना हाताजवळच्या लिव्हरने रिटार्डर लावून वेग रोखला जातो आणि पायाचा ब्रेक राखून ठेवला जातो. छोट्या गाडीत रिटार्डर नसतो. चोर्ला किंवा अनमोड घाट उतरताना डंपरवाल्याचा हात अर्ध्या उतारावर काहीतरी शोधतो आणि काहीच न सापडल्यामुळे सगळा भार ब्रेकवर पडतो. उपाय साधा आहे. उतार लागण्याआधीच दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरवर यावे आणि इंजिनालाच गाडी धरू द्यावी. ऑटोमॅटिक असेल तर खालचा गिअर निवडावा. सतत दाबून धरलेले ब्रेक तापून ढिले पडतात, हे डंपरवाल्याला सांगण्याची गरज नाही, फक्त ते गाडीतही लागू आहे याची आठवण हवी.

टिप्परवरून येणाऱ्यांना आणखी एक सवय असते. एअर ब्रेकमध्ये पेडल दाबणे आणि ब्रेक लागणे यांत किंचित उशीर असतो आणि पेडलला दाबही वेगळा द्यावा लागतो. त्याच जोराने मोटारीचा ब्रेक दाबला तर गाडी जागीच थबकते आणि मागचा स्कूटरवाला डिकीवर येऊन आदळतो. त्यामुळे पहिल्या काही ब्रेकना पायाचा फक्त पुढचा भाग वापरावा आणि टाच जमिनीला टेकवून ठेवावी.

लोडर किंवा डोझर चालवणाऱ्याने मॅन्युअल गाडी घ्यावी की ऑटोमॅटिक, असे मला अनेकजण विचारतात. क्लचच नसेल तर क्लचची चूकही होणार नाही, हे खरे, पण ऑटोमॅटिकमध्ये रिकामा राहिलेला डावा पाय सवयीने ब्रेकवर जातो आणि क्लच दाबावा तसा ब्रेक तळापर्यंत दाबतो. मी मॅन्युअलच ठेवली आहे, कारण गिअर टाकताना प्रत्येक वेळी आपण गाडीत आहोत याची जाणीव होते. ऑटोमॅटिक असणाऱ्याने डावा पाय कोपऱ्यातल्या पायटेकणीवर ठेवावा आणि घरी पोहोचेपर्यंत तो तिथून हलवू नये.

स्टिअरिंग आणि वळणे

मोटारीचे स्टिअरिंग वळणानंतर सैल सोडले की बऱ्याच अंशी आपोआप सरळ येते. लोडर आणि जेसीबी यांचे हायड्रॉलिक स्टिअरिंग तसे येत नाही, ते जिथे सोडाल तिथेच राहते आणि आपल्यालाच उलटे फिरवून सरळ करावे लागते. म्हणून लोडरवाला गाडीत बसला की वळण संपताना स्टिअरिंग जोराने उलटे फिरवतो. गाडी आधीच सरळ होत असल्यामुळे ती दुसऱ्या बाजूला झुकते आणि क्षणभर नागमोडी चालते. सकाळी उलट घडते. गाडीच्या सवयीने स्टिअरिंग सोडले की लोडर वळतच राहतो आणि बादली शेजारच्या टिप्परच्या फाळक्याला लागते. यांपैकी दुसरी चूक अधिक महाग पडते.

वळताना चाके कुठून जातात हाही फरक लक्षात घेण्यासारखा आहे. व्हील लोडर मध्यावर वाकतो, त्यामुळे त्याची मागची चाके पुढच्या चाकांच्याच मागातून येतात. मोटारीची मागची चाके मात्र आतल्या बाजूने कापून येतात. आमच्या गावांतल्या वाटा दोन्ही बाजूंना चिऱ्यांच्या गडग्यांनी बांधलेल्या असतात, आणि लोडरवाल्याच्या मोटारीचा मागचा दरवाजा गडग्याला घासून गेलेला दिसला तर कारण विचारावे लागत नाही. वळणाच्या कोपऱ्यापाशी आपला खांदा पोहोचेपर्यंत स्टिअरिंग फिरवू नये, एवढा नेम पुरतो. फोर्कलिफ्टची वळणारी चाके मागे असतात आणि तिची शेपूट बाहेर झुकते, त्यामुळे तिथून आलेल्याने गाडीत उलट बाजूने, म्हणजे वळणाच्या आतल्या अंगाला, अधिक लक्ष द्यावे.

मशीनच्या स्टिअरिंगवरची गोल मूठ धरून ते एका हाताने फिरवण्याची सवयही संध्याकाळी जात नाही. गाडीत दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवणे हा त्यावरचा उपाय आहे, आणि त्यामुळे मोबाइलही खिशातच राहतो.

डोळे, कान आणि थकलेले शरीर

उंच कॅबमध्ये बसल्यावर जमीन संथपणे सरकताना दिसते आणि खाली मोटारीत बसले की तीच जमीन धावताना दिसते. म्हणून मशीनवरून उतरल्यावर गाडी प्रत्यक्षाहून वेगात जात आहे असे पहिली काही मिनिटे वाटते, आणि हे फायद्याचेच असते. घात पुढे होतो. डोळे थोड्याच वेळात नव्या उंचीला सरावतात, पण अंतराचा अंदाज मात्र अजून मशीनचाच असतो. साइटवर ताशी २० किलोमीटर वेगाने चालताना एका सेकंदात आपण साडेपाच मीटर पुढे जातो. रस्त्यावर ६० च्या वेगाने त्याच एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर. शिवाय वेग तिप्पट झाला की ब्रेक लावून थांबायला लागणारे अंतर तिप्पट नव्हे तर सुमारे नऊपट होते. पुढच्या गाडीशी किती अंतर ठेवावे हे डोळ्यांनी न ठरवता मोजून ठरवावे. पुढची गाडी एखादा खांब ओलांडेल तेव्हापासून किमान दोन सेकंद, पावसात चार, मगच आपण त्या खांबापाशी पोहोचले पाहिजे.

कॅबचा थरथराट आणि आवाज यांचे परिणाम उतरल्याबरोबर जात नाहीत. तळपाय बधिर झालेले असतात, त्यामुळे पेडल किती दाबले हे नीट कळत नाही, आणि मोठ्या आवाजात काही तास काढल्यावर कान काही काळ कमी ऐकतात, त्यामुळे मागून येणारा हॉर्न लांबचा वाटतो. रात्रपाळीत हॅलोजनच्या उजेडात काम केल्यावर अंधाऱ्या रस्त्याला डोळे पूर्ण सरावायला अर्धा तासही लागू शकतो. म्हणून उतरल्याबरोबर किल्ली लावू नये. दहा मिनिटे चालावे, पाणी प्यावे, तोंड धुवावे. चहा घेण्यात वेळ गेला तर तो वाया गेला असे समजू नये.

पहाटे सुटणाऱ्या पाळीविषयी मी अधिक कडक आहे. साधारण दोन ते सहा या वेळात शरीर स्वतःहून झोपेकडे झुकलेले असते आणि त्यावर शिफ्टचा शीण चढतो. जांभया येत असतील, शेवटचे दोन किलोमीटर कसे आले हे आठवत नसेल, तर गाडी कडेला घेऊन १५ ते २० मिनिटे डुलकी काढावी आणि उठल्यावर आणखी थोडा वेळ थांबून मगच निघावे. खिडकी उघडणे आणि गाणी मोठ्याने लावणे हे उपाय झोपेला हरवत नाहीत.

उतरण्यापासून निघण्यापर्यंत

मशीन नीट बंद करण्यातूनच अदलाबदल सुरू होते. सपाट जागा पाहून उभे करावे, बादली किंवा ब्लेड जमिनीला टेकवावे, पार्किंग ब्रेक लावावा, पोकलेनचा सेफ्टी लिव्हर उचलावा, आणि टर्बो थंड होण्यासाठी इंजिन तीन ते पाच मिनिटे मंद फिरू द्यावे. ही मिनिटे फुकट घालवू नयेत, याच वेळात डोक्यातही मशीन बंद करता येते. उतरताना मशीनकडे तोंड करून, दोन हात आणि एक पाय किंवा दोन पाय आणि एक हात असे तीन आधार कायम ठेवून उतरावे. थकलेला माणूस शेवटच्या पायरीवरून उडी मारतो आणि नेमका तेव्हाच घोटा मुरगळतो. मुरगळलेल्या घोट्याने क्लच दाबता येत नाही.

त्यानंतर बूट बदलावेत. ही सूचना ऐकून लोक हसतात, पण माझ्या मते सगळ्या सूचनांमध्ये हीच सर्वांत उपयोगी आहे. लोखंडी टोपीचा सेफ्टी बूट रुंद आणि जाड तळव्याचा असतो. छोट्या मोटारीत ब्रेक आणि ॲक्सिलरेटर इतके जवळ असतात की एकाच बुटाखाली दोन्ही येतात. शिवाय तळव्याला खाणीतला लाल चिखल लागलेला असतो आणि तो पेडलवर साबणासारखा सरकतो. डिकीत पातळ तळव्याच्या साध्या बुटांचा एक जोड कायम ठेवावा. चप्पल चालणार नाही, ती पेडलखाली अडकते. बूट बदलण्याचा दुसरा लाभ असा की, पायांना नवा स्पर्श मिळतो आणि सवयी आपोआप वेगळ्या होऊ लागतात.

गाडीत बसण्याआधी तिच्याभोवती एक फेरी मारावी. मशीनभोवती फेरी मारल्याशिवाय कोणताही ऑपरेटर चालू करत नाही, मग गाडीला ही शिस्त का लागू नसावी हे मला कळत नाही. साइटवर सावलीसाठी कुत्री गाडीखालीच झोपतात. काचेवरची लाल धूळ कोरड्या वायपरने पुसली तर काचेला चरे पडतात, म्हणून आधी पाणी मारावे. हेडलाइटवरून आणि मागच्या दिव्यांवरून ओले फडके फिरवावे.

बसल्यावर इंजिन सुरू करण्याआधी क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटर अशी पेडले त्यांची नावे मोठ्याने घेत एकेकदा दाबावीत. मी हे नेमाने करतो, आणि शेजारी कोणी बसले असेल तर त्याला हसू द्यावे. मग इंजिन सुरू करून, गेटच्या आतच, चालण्याच्या वेगाने पन्नास मीटर जाऊन एकदा पूर्ण ब्रेक लावून थांबावे. पाय चुकायचा असेल तर तो तिथेच चुकतो आणि तिथे चुकलेला परवडतो. पुढचे दोन किलोमीटर रेडिओ बंद ठेवावा, ओव्हरटेक करू नये आणि फोन घेऊ नये.

स्कूटरवाल्यांनी वेगळी काळजी घ्यावी. स्कूटरचा डावा लिव्हर मागचा ब्रेक लावतो आणि गिअरच्या मोटारसायकलचा डावा लिव्हर क्लच असतो, म्हणजे ज्याच्याकडे दोन्ही आहेत त्याला हीच अडचण हातांची येते. त्यातच दिवसभर जॉयस्टिक धरून बोटांना मुंग्या आलेल्या असतात. हेल्मेट घालण्याआधी बोटे उघडझाप करून घ्यावीत आणि उभ्या गाडीवर दोन्ही ब्रेक दाबून पाहावेत.

गोव्याच्या रस्त्यावर आल्यावर

खाणीतल्या रस्त्यावर भरल्या डंपरला सर्वजण वाट देतात. त्याचे वजन मालासकट ६० टनांच्या आसपास असते, त्यामुळे नियम नसता तरी दिली असती. हा मान आठ तास अनुभवल्यावर मोटारीत बसलेल्या माणसालाही समोरचा थांबेल असे वाटत राहते. समोरचा थांबत नाही. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेली भाड्याची गाडी किंवा स्कूटर दिसली, की चालक या रस्त्याला नवखा आहे असे धरून चालावे. समुद्राची पाटी पाहून तो कधीही थांबतो आणि कुठेही वळतो. प्रवासी चढण्या-उतरण्यासाठी बस वळणावरच उभी राहिली, तर तिच्या पुढून कोणी रस्ता ओलांडत असेल असेच गृहीत धरावे.

पहिल्या पावसात, खनिजाची वाहतूक होणाऱ्या रस्त्यांवर उन्हाळाभर साठलेल्या लाल धुळीचा बुळबुळीत थर होतो. डंपरच्या रुंद, खोल खाचांच्या टायरना तो जाणवतही नाही, पण मोटारीचे अरुंद टायर त्यावर घसरतात. ज्या रस्त्यावरून दुपारी मशीन निर्धास्त गेले, त्याच रस्त्यावर संध्याकाळी गाडी घसरू शकते, ही गोष्ट मशीनवाल्याला पटायला सर्वांत जड जाते.

सकाळी, उलट्या दिशेने

गाडीतून मशीनवर जाताना चुका कमी होतात असा समज आहे. चुका कमी होत नाहीत, त्या फक्त हळू वेगात होतात. महामार्गावर ८० च्या वेगाने आलेल्या डोळ्यांना साइटवरचा ३० चा वेग रांगण्यासारखा वाटतो आणि उंच कॅबमुळे तो आणखी कमी भासतो, म्हणून पहिल्या दोन खेपांत काट्याकडे पाहूनच वेग ठरवावा. मोटारीत आरसे पुरतात. डंपरच्या नाकासमोर आणि कॅबच्या विरुद्ध बाजूला उभा माणूस आरशातही दिसत नाही. म्हणून हॉर्नची पद्धत पाळावी. आमच्याकडे सुरू करताना एक, पुढे जाताना दोन आणि मागे येताना तीन, असे हॉर्न देऊन थोडे थांबतात. (ही सवय मात्र साइटवरच ठेवावी; आमच्या वाड्यात मी एकदा पहाटे तीन हॉर्न देऊन गाडी मागे घेतली आणि चार घरांचे दिवे लागले.)

सीटचा पट्टा मशीनवरही लावावा. मशीन कलंडले तर कॅबची चौकट माणसाला वाचवते, पण तो चौकटीच्या आत असेल तरच, आणि त्याला आत ठेवण्याचे काम पट्टा करतो.

जेसीबी स्वतः रस्त्याने न्यायचे असल्यास निघण्याआधी खोदायचा मागचा हात मध्यावर आणून पिन लावावी, बाजूचे टेकूचे पाय पूर्ण वर घ्यावेत, पुढची बादली रस्ता दिसेल इतकी खाली पण गतिरोधकाला लागणार नाही इतकी वर ठेवावी. गावातल्या विजेच्या तारा आणि जत्रेच्या कमानी यांखालून जाताना खाली उतरून, उंची डोळ्यांनी पाहून मगच पुढे जावे.

कागदपत्रे

केंद्रीय मोटार वाहन नियमांत जेसीबीसारख्या टायरवाल्या मशीनसाठी बांधकाम उपकरण वाहन अशी स्वतंत्र व्याख्या आहे. त्यांचे मुख्य काम रस्त्याबाहेरचे, आणि रस्त्यावरचा प्रवास अल्पकाळाचा व ताशी ५० किलोमीटरच्या आतला, असे ती गृहीत धरते. फक्त खाणीच्या आवारातच वापरायचे अवजड डंपर मोटार वाहन कायद्यातल्या वाहनाच्या व्याख्येबाहेर राहतात, म्हणून खाणीतला अनुभव लायसन्सच्या जागी दाखवता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिलेल्या निकालानुसार हलक्या मोटार वाहनाच्या लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंतचे मालवाहू किंवा प्रवासी वाहन चालवता येते. त्यापुढच्या टिप्परसाठी लायसन्सवर परिवहन वाहनाची वेगळी नोंद लागते, तिला किमान वय २० वर्षे आहे आणि ती पाच वर्षांनी नूतनीकरण करावी लागते. ती तारीख निघून गेली असेल तर अपघातानंतर विमा कंपनी आधी तिकडेच बोट दाखवते.

वर्षांच्या खंडानंतर

गोव्यात ही अदलाबदल कित्येकांना रोजची नव्हे तर वर्षांची करावी लागली. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या, मधल्या काळात सुरू झाल्या आणि मार्च २०१८ मध्ये पुन्हा बंद पडल्या. डंपर चालवणारे हात टॅक्सी, पिकअप आणि भाजीच्या टेम्पोकडे वळले. काहीजण मोपाच्या विमानतळावर आणि राष्ट्रीय महामार्ग ६६ च्या मातीकामावर गेले. २०२४ पासून डिचोलीत पुन्हा उत्खनन सुरू झाल्यावर त्यांच्यापैकी काहींना मशीनवर परत बोलावणे आले.

अशा खंडानंतर पहिला दिवस प्रत्यक्ष माल भरण्यात घालवू नये. रिकाम्या जागेत, टिप्पर आणि माणसे लांब असताना, प्रत्येक हालचाल एकेकटी करून पाहावी आणि मगच दोन हालचाली जोडाव्यात. जुने मशीन आणि नवे मशीन यांत लिव्हरची मांडणी वेगळी असू शकते. काही पोकलेनमध्ये बूम (मशीनचा मोठा हात) हलवण्याचे काम उजव्या हाताला असते आणि काहींत डाव्या, आणि ही मांडणी बदलण्याची सोयही अनेकांत असते. आपल्या हाताला लागलेली मांडणी कोणती हे आधी विचारावे. लाज वाटून न विचारणाऱ्याची बादली कॅबकडे येते.

सहा वर्षे टॅक्सी चालवून मी लोडरवर परत चढलो, तेव्हा पहिला अर्धा तास माझा डावा हात गिअरचा दांडा शोधत होता आणि डावा पाय क्लच दाबल्यासारखा जात होता, त्यामुळे लोडर दर वेळी दचकून थांबत होता. दुपारपर्यंत हात बसला. नवे वळण ताजे असतानाच ते सर्वांत जोरात पायाला चिकटते, हे फेरीधक्क्यावर शिकलेलो असल्यामुळे त्या संध्याकाळी मी गाडी साइटच्या गेटपाशीच ठेवली आणि कदंबच्या सरकारी बसने घरी गेलो.